दिशा विसरू नका : अदिश आणि सदिश राशींची ओळख



माघ पौर्णिमेच्या यात्रेसाठी धनेगावला आलेल्या नवख्या माणसाला कचारगडची गुहा किती लांब आहे, एवढेच सांगून भागत नाही. ती कोणत्या दिशेला आहे, हेही सांगावे लागते. मात्र सोबत किती पाणी घ्यावे, याला ‘दोन लिटर’ हे उत्तर पुरते. पाण्याच्या मापाला दिशा नसते.

ज्या राशी केवळ आकडा व एकक यांनी पूर्ण सांगता येतात त्यांना अदिश राशी म्हणतात. उदा. वजनकाट्यावरील धानाचे किलो, औषधाचे मिलिलिटर, तापमान, वेळ, अंतर. ज्यांना आकड्यासोबत दिशाही लागते त्या सदिश राशी. उदा. विस्थापन, वेग, बल.

समजा, तुमची बांधी ४० मीटर लांब व २५ मीटर रुंद आहे. धुऱ्यावरून एक फेरी मारली तर चाललेले अंतर १३० मीटर होते. परंतु तुम्ही निघालेल्या जागीच परत आलात, म्हणून विस्थापन शून्य.

बेरीज वेगळी

अदिश राशींची बेरीज साधी असते. दोन लिटर आणि तीन लिटर मिळून पाच लिटरच होतात. सदिश राशींचे तसे नाही. दोन माणसांनी प्रत्येकी ५० किलो ओढीने एकाच दिशेला ओढले तर १०० किलोची ओढ मिळते. विरुद्ध दिशांना ओढले तर शून्य. आणि काटकोनात ओढले तर सुमारे ७१ किलो.

नांगराची ओढ

बैलांची ओढ तिरकी, वरच्या दिशेने लागते. ती १०० किलो असून जमिनीशी ३० अंशांचा कोन करीत असेल, तर पुढे नेणारी ओढ सुमारे ८७ किलो असते आणि ५० किलो बल नांगर वर उचलते. तास उथळ जाते व नांगऱ्याला रुमणे दाबून धरावे लागते. कोन २० अंशांवर आणल्यास पुढची ओढ ९४ किलो होते व उचल ३४ किलोवर येते. बैल तेच, ताकद तीच. फरक केवळ दिशेचा.

फवारणी आणि वारा

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. म्हणून धानावरील तुडतुड्यांसाठी फवारणी करताना वाऱ्याची दिशा पाहणे फार महत्त्वाचे आहे. बारीक तुषार लगेच वाऱ्याचा वेग घेतो. वारा ताशी ४ कि.मी. व तुमची चाल ताशी ३ कि.मी. धरू.

१) वाऱ्याच्या विरुद्ध चालल्यास तुषार ताशी ७ कि.मी. वेगाने तोंडावर येतो.

२) वाऱ्याच्या दिशेनेच चालल्यास तुषार तुमच्यापुढे ताशी १ कि.मी. वेगानेच सरकतो. म्हणजे तुम्ही जवळजवळ त्या ढगातूनच चालता.

३) वाऱ्याला आडवे चालल्यास तुषार ताशी ५ कि.मी. वेगाने बाजूला व मागे निघून जातो. हीच पद्धत योग्य.

वारा पश्चिमेकडून येत असेल तर पूर्वेच्या धुऱ्यापासून सुरुवात करा. दक्षिणोत्तर चाला, फवारणीची नळी पूर्वेच्या अंगाला धरा आणि दर फेरीला पश्चिमेकडे सरका. म्हणजे फवारलेल्या ओल्या धानातून पुन्हा जावे लागणार नाही. जोराचा वारा असल्यास फवारणी करू नका. हातमोजे, तोंडावर मास्क व पूर्ण अंगभर कपडे वापरा. मळमळ किंवा चक्कर येऊ लागल्यास काम थांबवा आणि औषधाचे वेष्टन सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा.

लक्षात ठेवा : औषधाची मात्रा अदिश आहे, ती मापाने मोजा. वारा सदिश आहे, त्याचा जोर व दिशा दोन्ही पाहा. चिमूटभर कोरडी माती सोडून पाहिली तरी वारा कोणीकडे आहे ते कळते. पंप पाठीवर घेण्यापूर्वी एवढे अवश्य करा.