ऑनलाइन विक्री आणि दृश्यरचना : ग्रामीण उत्पादकांसाठी काही विचार

आठवडी बाजारात पालावर मांडलेला माल गिऱ्हाईक हातात घेऊन पाहते. हळदीचा वास घेता येतो, पापडाचा तुकडा मोडून पाहता येतो, लुगड्याचा पोत बोटांना कळतो. विक्रेत्याशी चार शब्द बोलून मनातील शंकाही तिथल्या तिथे दूर करता येते. मोबाइलच्या पडद्यावर मांडलेल्या मालाच्या बाबतीत यांतले काहीच शक्य नसते. तेथे ग्राहकाच्या हाती केवळ डोळे असतात, आणि विक्रेत्याच्या हाती केवळ चित्र, अक्षर व रंग. म्हणूनच ज्या विषयाला दृश्यरचना किंवा रूढ शब्दांत ग्राफिक डिझाइन असे म्हणतात, त्याला ऑनलाइन विक्रीत सजावटीपेक्षा कितीतरी अधिक महत्त्व आहे.

मध्यंतरी एका महिला बचत गटाला भेट देण्याचा योग आला. गटाने बँकेचे कर्ज घेऊन पापड व मसाल्यांचा व्यवसाय सुरू केला होता. गटाच्या अध्यक्षा म्हणाल्या, “साहेब, हाच माल बाजारात दुपारपर्यंत संपतो. मोबाइलवर मात्र माणसं बघतात आणि पुढं जातात.” त्यांनी दाखविलेल्या छायाचित्रात पिवळ्या दिव्याखाली ठेवलेली तीन पाकिटे होती. वजन वाचता येत नव्हते, किंमत चित्रात एक आणि खाली दुसरीच होती, आणि पाकिटात उडदाचे पापड आहेत की नाचणीचे, हे कळण्यास मार्ग नव्हता. माल उत्तम होता, परंतु तो उत्तम आहे हे पाहणाऱ्यास समजत नव्हते. कर्जाचा हप्ता मात्र दरमहा ठरल्या दिवशी येतच होता.

प्रश्न भेटींचा नव्हे, खरेदीचा

विक्रीचे पान किती जणांनी पाहिले, यावर पुष्कळदा समाधान मानले जाते. खरे मोजमाप निराळे आहे. पाहणाऱ्या शंभर जणांपैकी किती जणांनी प्रत्यक्ष खरेदी केली, हे प्रमाण पाहावयास हवे. उदाहरणार्थ, एखाद्या महिन्यात १,००० व्यक्तींनी पान पाहिले व १० जणांनी माल घेतला, तर हे प्रमाण १ टक्का झाले. पानाची मांडणी सुधारून ते २ टक्क्यांवर नेता आले, तर जाहिरातीवर एक पैसाही अधिक खर्च न करता विक्री दुप्पट होते.

परंतु हिशेब येथेच संपत नाही. त्या २० ग्राहकांपैकी ६ जणांनी “चित्रात दिसला तसा माल नाही” म्हणून तो परत केला आणि प्रत्येक पार्सलच्या जाण्यायेण्याचा खर्च २०० रुपये धरला, तर १,२०० रुपये गटाच्या खिशातून जातात. सबब चांगली दृश्यरचना म्हणजे माल आहे त्याहून देखणा दाखविणे नव्हे. तो आहे तसा, पण पूर्णपणे दाखविणे होय. हे सूत्र प्रारंभीच ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

पैठणीचे उदाहरण

हा मुद्दा येवल्याच्या किंवा पैठणच्या पैठणीवरून नीट स्पष्ट होईल. पैठणीत ताण्याचा रंग एक व बाण्याचा दुसरा असला, म्हणजे वस्त्राला धूपछावीची झळाळी येते. ज्या कोनातून पाहावे त्याप्रमाणे रंग बदलतो. असे वस्त्र एकाच छायाचित्रात दाखविले, तर ग्राहकाला एकच रंग दिसतो आणि घरी पार्सल उघडल्यावर दुसरा. तक्रार येथूनच सुरू होते. त्याच साडीची दोन कोनांतून घेतलेली छायाचित्रे किंवा काही सेकंदांची चलत्‌चित्रफीत दिली, तर दोष वाटणारी गोष्टच तिचे वैशिष्ट्य ठरते.

दुसरी गोष्ट उलट बाजूची. हातमागावर विणलेल्या पारंपरिक पैठणीच्या पदरातील मोर, मुनिया किंवा असावलीची नक्षी रंगीत धागे एकमेकांत गुंतवून साकारलेली असते. त्यामुळे पदराची मागील बाजूही पुढील बाजूसारखीच जवळजवळ स्वच्छ दिसते. यंत्रमागावरील नकलेत मागे सुटे किंवा कापलेले धागे आढळतात. म्हणून पदराच्या मागील बाजूचे एक स्पष्ट छायाचित्र हे लांबलचक वर्णनापेक्षा अधिक पटणारा पुरावा असतो. विणकराने महिनोन्‌महिने घेतलेल्या श्रमांना योग्य मोल मिळणे कित्येकदा अशा एका छायाचित्रावर अवलंबून असते.

रेशीम चिन्ह, हातमाग चिन्ह किंवा भौगोलिक मानांकनाचे चिन्ह वापरण्याचा रीतसर अधिकार असल्यास ते ठळकपणे दाखवावे. मात्र, भौगोलिक मानांकन प्रदेशाच्या मालाला मिळाले म्हणून कोणीही ते चिन्ह छापावे, असे नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी आवश्यक असते.

छायाचित्र कसे असावे

महागडा कॅमेरा असलाच पाहिजे, असे नाही. सकाळच्या वेळी खिडकीजवळ किंवा ओसरीवर, थेट ऊन न पडणाऱ्या जागी माल ठेवावा. मागे पांढरे वा फिकट कापड असावे. विजेच्या पिवळ्या दिव्याने रंग बदलतात, म्हणून तो बंद ठेवावा. प्रत्येक वस्तूची किमान चार छायाचित्रे असावीत : संपूर्ण वस्तू, जवळून दिसणारा पोत, वापरातील दृश्य आणि आकाराची कल्पना देणारे चित्र. कोल्हापुरी चपलेच्या बाबतीत केवळ क्रमांक पुरेसा नाही. तळव्याची लांबी सेंटिमीटरमध्ये दिली व पाय कसा मोजावा याची साधी आकृती जोडली, तर चुकीच्या मापामुळे परत येणारी पार्सले कमी होतात.

छायाचित्राचा रंग भडक करण्याचा मोह टाळावा. हळद मुळात पिवळी आहे. तिला केशरी करून विकू नये.

अक्षर, रंग आणि मोकळी जागा

मराठी मजकुराच्या मांडणीकडे स्वतंत्रपणे पाहावे लागते. देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी व मात्रा, तर खाली उकार येतात. त्यामुळे रोमन लिपीसाठी ठरविलेले ओळींतील अंतर देवनागरीस अपुरे पडते आणि ओळी एकमेकींत अडकतात. ‘मुक्त’ व ‘बालू’ हे मुंबईच्या एक टाइप या संस्थेने तयार केलेले देवनागरी फॉन्ट विनामूल्य उपलब्ध आहेत. मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्याच्या मोबाइलवर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. त्याचप्रमाणे सर्व माहिती चित्रातच लिहून टाकली, तर ती शोधयंत्राला सहजी सापडत नाही आणि अंध व्यक्तींना साहाय्य करणाऱ्या वाचनप्रणालीलाही नीट वाचता येत नाही.

पिवळ्यावर पांढरे किंवा लालवर हिरवे लिहिणे टाळावे. आंतरराष्ट्रीय वेब सुलभता तत्त्वांनुसार सामान्य आकाराच्या मजकुरात अक्षर व पार्श्वभूमी यांतील तेजाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे. साधी कसोटी अशी की, मोबाइल अंगणात उन्हात धरून घरातील वडीलधाऱ्यांना किंमत वाचावयास सांगावी. ती न अडखळता वाचता आली, तर रचना बरोबर आहे.

पानावर सर्वांत ठळक काय असावे, हेही आधी ठरवावे. वस्तूचे नाव, किंमत आणि खरेदीची कळ या तीन गोष्टी प्रथम दिसाव्यात. चारही बाजूंनी फुले, तारे व घोषवाक्ये भरली, तर डोळ्यांना विसावा मिळत नाही. मोकळी जागा वाया गेलेली नसते; तीच मालाकडे लक्ष वेधते.

कायद्याने आवश्यक माहिती

१ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या वैध मापनशास्त्र नियमांतील सुधारणेनुसार, वेष्टित मालाची ऑनलाइन विक्री करताना उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन किंवा माप, कमाल किरकोळ किंमत आदी माहिती पानावरही दाखविणे बंधनकारक आहे. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक, घटकांची यादी आणि शाकाहारी मालासाठी हिरवे चिन्ह हवे. ही माहिती कोपऱ्यात बारीक अक्षरांत दडविण्याऐवजी सुबकपणे मांडली, तर तीच ग्राहकाचा विश्वास वाढविते.

याउलट दृश्यरचनेचा उपयोग फसवणुकीसाठीही होतो. “शेवटचे दोनच नग” अशी खोटी घाई लावणे, न मागितलेली वस्तू यादीत घुसडणे, किंमत टप्प्याटप्प्याने वाढवीत नेणे, अशा १३ प्रकारांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक सूचना अधिसूचित केल्या आहेत. विक्री वाढविण्याचे असे मार्ग ग्रामीण उत्पादकांनी कटाक्षाने टाळावेत. टपालखर्चासह एकूण रक्कम प्रारंभीच सांगितल्यास शेवटच्या क्षणी खरेदी सोडून देणारे ग्राहकही कमी होतात.

एका वेळी एकच बदल

सुधारणा करताना सर्व काही एकदम बदलू नये. प्रथम छायाचित्र बदलावे आणि महिनाभर आकडे पाहावेत. नंतर शीर्षक, त्यानंतर किंमतीची मांडणी. प्रत्येक वेळी वहीत चार रकाने भरावेत : पाहणारे, घेणारे, परत करणारे आणि परत करण्याचे कारण. यांतील शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा, कारण पुढील बदल कोणता करावा हे तोच सांगतो.

या कामी गावातील मंडळी मोठे साहाय्य करू शकतील. शाळेतील चित्रकला शिक्षकांनी रंगसंगती व अक्षरलेखनाचे मार्गदर्शन करावे. ग्रामपंचायतीने छायाचित्रणासाठी उजेडाची एखादी खोली व संगणक आठवड्यातून एक दिवस उपलब्ध करून द्यावा. विस्तार अधिकाऱ्यांनी पाकिटावरील माहिती नियमांनुसार आहे किंवा नाही, हे तपासून द्यावे. यासाठी नव्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही.

वर उल्लेखिलेल्या गटाच्या भगिनींनी त्याच दुपारी ओसरीवर पांढरे धोतर अंथरून पापडांची छायाचित्रे पुन्हा घेतली. वजन व किंमत मोठ्या अक्षरांत लिहिली, आणि एका चित्रात भाजलेला पापड ताटात वाढून दाखविला. त्यानंतर परगावाहून आलेल्या पहिल्या मागणीसोबत ग्राहकाने एवढेच कळविले होते की, “नाचणीचे आहेत हे दिसले, म्हणून मागवले.” माल काय आहे हे न बोलता दाखविणे, हेच दृश्यरचनेचे खरे कार्य होय.