काळी मशीन मोडीत देऊ नकोस

अमरावती

चि. सौ. छकुलीस,


तू शिवण शिकायचं मनावर घेतलंस, याचा मला फार आनंद झाला. मशीन कोणती घ्यावी असं विचारलंस आणि फोनवर पाहिलेल्या पांढऱ्या मशीनींची नावंही लिहिलीस. पण त्याच पत्रात एक ओळ जाता जाता लिहिलीस, की मूर्तिजापूरच्या घरी सासूबाईंची काळी पायमशीन पडून आहे आणि भंगारवाला ती न्यायला तयार आहे. पोरी, ती मशीन मोडीत देऊ नकोस. आधी तीच तुझ्याकडे अकोल्याला ने.

आपल्याकडच्या काळ्या मशीनी, उषाच्या असोत की दुसऱ्या कुणाच्या, बहुतेक सिंगरच्या पंधरा क्रमांकाच्या जुन्या नमुन्यावर बेतलेल्या आहेत. त्यामुळे एकीची बॉबिन दुसरीला चालते. बॉबिन केस, शटल, पट्टा, स्प्रिंग यातलं काहीही बिघडलं तरी गल्लीतला दुरुस्तीवाला तासाभरात बदलून देतो. पुष्कळ पांढऱ्या मशीनींत आत नायलॉनची दातेरी चाकं असतात, भारी मॉडेलांत सर्किटसुद्धा. त्या बिघडल्या की कंपनीच्या माणसाची वाट पाहत बसावं लागतं. मशीन निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारते, की ही आपल्या गावात दुरुस्त कोण करणार?

दुसरा प्रश्न, तू शिवणार काय? तुझ्या यादीत उशांचे अभ्रे आहेत, परकर, बाळाची झबली, ब्लाऊज आणि बाजाराच्या पिशव्या. हे सगळं सुती, न ताणणारं कापड. त्याला सरळ टीपच लागते. पंधरा-वीस तऱ्हांच्या टिपांसाठी जास्तीचे पैसे मोजायचे आणि वर्षभर त्यातली एकच वापरायची, हे मला पटत नाही. कडांचे धागे सुटतात म्हणशील, तर झबल्याला आणि अभ्र्याला दुमडशिवण घाल, कडा आतच बंद होतात. साडीचं फॉल-पिको बाहेरून करून घे. पण टी-शर्ट, लेगिंग असं ताणणारं होजिअरी कापड शिवायचं ठरवलंस, तर मात्र झिगझॅगची मशीन लागेल. सरळ टीप ताणाबरोबर तुटते. तेव्हा पांढरी घे, मी अडवणार नाही. आणि दुकानदार जुकीसारखी कारखान्याची मशीन दाखवील, तिच्या नादी आत्ता लागू नकोस. ती मिनिटाला चार-पाच हजार टाके घालते आणि शिकणारीच्या हातून कापड पळवते.

गांधीजींचा यंत्रांना विरोध होता हे तू शाळेत शिकलीस. पण १९२४ साली रामचंद्रन नावाच्या विद्यार्थ्यानं त्यांना खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. शेजारी सेवाग्रामला ते राहायला आले त्याच्या बारा वर्षं आधीची ही गोष्ट. बायकोचे शिवणाचे कष्ट वाचावेत म्हणून सिंगरनं ते यंत्र केलं, असं त्यांनी मायेनं सांगितलं होतं. मला त्यांचं म्हणणं आजही खरं वाटतं. हे यंत्र घरात राहतं, बाईच्या पायाच्या वेगानं चालतं आणि तिचं कसब तिच्याच हातात ठेवतं.

आणि अकोल्याचा उन्हाळा तू आता पाहिलाच आहेस. पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि नेमकी दुपारी लाईन जाते. मोटर जरूर बसवून घे, पण स्टँड आणि पायटा काढून टाकू नकोस. पट्टा बदलला की मशीन पुन्हा पायावर चालते.

मशीन आली की आधी तेलाचं पाहा. वर्षानुवर्षं पडलेल्या मशीनीत जुनं तेल गोंदासारखं चिकटून बसलेलं असतं. दुरुस्तीवाल्याकडून ते धुऊन घे आणि मग शिवणमशीनचं पातळ पांढरं तेलच घाल. घरातलं खोबरेल कधीही नाही, थंडीत ते थिजतं आणि चाक जड होतं. मग हातचाक आपल्याकडे फिरवून पाहा. कुठे अडकतं का, सुईची दांडी हलते का, सुईखालच्या पत्र्यावर ओरखडे आहेत का, हे बोटांनी तपास. नवीन सुई लाव. रुबिया, मलमलला अकरा नंबर, पॉपलिनला चौदा, जीन्सला सोळा किंवा अठरा.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. वर लाल दोरा ओव आणि बॉबिनवर पांढरा भर. जाड सुती कापडाचा दुहेरी तुकडा घेऊन त्यावर टीप मार. सुई खाली जाऊन किंचित वर येते तेव्हा वरच्या दोऱ्याचा फास सुटतो. शटलचं टोक तो फास पकडून बॉबिनभोवती फिरवतं आणि दोन्ही दोरे कापडाच्या मधोमध गुंततात. टीप बरोबर असेल तर वरून लाल आणि खालून पांढराच दिसेल. खाली लाल दोऱ्याचे फास दिसले, तर चूक बहुधा वर असते. दोरा टेन्शनच्या चकत्यांत बसलेला नसतो, किंवा टेन्शन ढिलं असतं. दाबाचा पाय वर उचलून दोरा पुन्हा ओव, चकत्या तेव्हाच उघड्या असतात. नवशिक्या मुली खाली गुंता दिसला की बॉबिन केसचा स्क्रू पिळत बसतात आणि चांगली मशीन बिघडवतात. त्या स्क्रूला हात लावू नकोस.

आपण कापूस पिकवणाऱ्या मुलखातल्या आहोत, म्हणून सांगते, सुती कापड विकत आणलं की लगेच कात्री लावायची नाही. रात्रभर पाण्यात भिजत घाल, सावलीत वाळव आणि इस्त्री कर. आटायचं ते आधीच आटू दे. ब्लाऊजच्या अस्तरालाही हेच, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आवळतं आणि वरचं कापड फुगतं. गडद रंगाचं कापड वेगळं भिजव. घेताना पन्हा विचार. छत्तीस इंची पन्ह्यात आणि चव्वेचाळीस इंचीत परकराच्या कळ्यांचा हिशेब वेगळा होतो. कापडाची कात्री फक्त कापडाला ठेव, जावईबापूंना कागद कापायला देऊ नकोस.

सुरुवात अभ्र्यांपासून कर. सरळ कडा, चार टिपा, चुकलं तरी उसवता येतं. मग पिशव्या, मग कळ्यांचा परकर. कळ्यांना तिरकस कडा येतात, त्या न ताणता टीप मारणं हाच ब्लाऊजआधीचा खरा सराव. झबल्याच्या शिवणी अंगाला घासू नयेत म्हणून दुमडी बाहेरच्या बाजूला ठेव. जुन्या साड्यांची वाकळ तुला करायची आहे, ती हातानंच घाल. तीन-चार थर मशीनखाली सरकतात आणि वाकळीचा मऊपणाही जातो.

बाळ रांगायला लागलं आहे ना? स्टँडचं मोठं चाक आणि पट्टा त्याच्या हाताच्या उंचीवर येतो. काम संपलं की दर वेळी पट्टा उतरव आणि सुई काढून डबीत ठेव. मोटर बसवलीस तर प्लगही उपट. यात आळस नको.

फोनवर मोफत शिलाई मशीनचे निरोप फिरतात, त्यांना ओटीपी किंवा पैसे देऊ नकोस. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी पंधरा हजारांची मदतही आहे, पण ती या कामावर पोट असणाऱ्यांसाठी. तो हक्क ज्यांचा आहे त्यांनाच मिळू दे.

पहिलं ब्लाऊज कापायच्या आधी तुझं अंगाला नीट बसणारं एक जुनं ब्लाऊज हळूच उसव, तुकडे इस्त्री करून कागदावर ठेव आणि शिवणीची जागा धरून आखून घे. पुढचा भाग, पाठ, बाही, पट्टी असं प्रत्येकावर नाव लिही. ते कागद घेऊनच इकडे ये. टू बाय टू रुबिया मी आणून भिजवून ठेवते, कापणी आपण मिळून करू.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. मशीन नेताना त्यांना विचारूनच ने.

तुझी,
आत्या