दोन मजले, दोन मालक : डुप्लेक्सची वाटणी समजून घेऊ या



"खालचा मजला थोरल्याला, वरचा धाकट्याला." हे वाक्य आपल्याकडे अगदी सहज बोललं जातं. निवृत्तीच्या पैशातून दोन मजली घर घ्यायचं, आज एक मजला भाड्याने द्यायचा आणि पुढे मुलांना एकेक मजला द्यायचा, असा बेत करणारे दोघं-तिघं तर आपल्या स्टाफरूममध्येच भेटतील. बेत वाईट नाही. पण घराला मजले दोन असले म्हणून मिळकती दोन होत नाहीत. हा विषय आठवीपासून पुढच्या मुलांना शेकडेवारी आणि नागरिकशास्त्र एकत्र शिकवायलाही छान आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. अमेरिकेत डुप्लेक्स म्हणजे एकाच इमारतीतली दोन स्वतंत्र घरं, शेजारी-शेजारी किंवा वर-खाली. आपल्याकडचे बिल्डर मात्र आतून जिना असलेल्या दोन मजली एकाच सदनिकेला डुप्लेक्स म्हणतात, आणि बोलताना आपण दोन मजली रो-हाऊसलाही तेच म्हणतो. त्यामुळे "डुप्लेक्समध्ये गुंतवणूक करा, एकात राहा, दुसरं भाड्याने द्या" हा परदेशी सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही.

उभी वाटणी आणि आडवी वाटणी

घर दोन तऱ्हांनी वाटता येतं. मधून उभी भिंत घातली तर प्रत्येकाच्या वाट्याला जमिनीपासून छतापर्यंतचा भाग येतो, त्याखालची जमीनही येते. भूखंडाच्या अशा विभागणीला नियोजन प्राधिकरणाची, म्हणजे महापालिका, नगरपालिका वगैरेंची, मंजुरी लागते. मग मोजणी होऊन दोन वेगळ्या मिळकत पत्रिका होऊ शकतात. भूखंड लहान असेल तर ही परवानगी मिळणं अवघड असतं.

मजल्यानुसार वाटणी आडवी असते, आणि खरी गंमत तिथेच आहे. मजला वाटला, पण जमीन? ती अविभक्तच राहते. दोघांचाही तिच्यात हिस्सा असतो, पण "हा कोपरा माझा" असं कुणालाच म्हणता येत नाही.

वर्गात मुलांना अशा घराचा आराखडा काढायला सांगा. जे वेगळं करता येतं त्याला हिरवा रंग, जे येत नाही त्याला लाल. खोल्या भराभर हिरव्या होतात. जिनाही मुलं बिनधास्त वरच्याला देऊन टाकतात. मग विचारा, जिन्याखालची पाण्याची टाकी कुणाची? गच्ची कुणाची? गच्ची गळली तर ओल वरच्याच्या छताला येणार, मग खर्चात खालच्याने वाटा का द्यायचा? ड्रेनेजची लाइन, गाडी लावायची जागा, अंगणातलं आंब्याचं झाड? कागद बघता बघता लाल होतो. मोठ्या माणसांनीसुद्धा वकिलाकडे जाण्याआधी हा कागद रंगवावा.

सगळ्यात महागडी लाल गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. ती म्हणजे शिल्लक एफएसआय, अर्थात भूखंडावर अजून किती बांधता येईल तो हक्क. उद्या तिसरा मजला चढवायचा ठरला किंवा घर पाडून नवी इमारत उभी करायची झाली, तर त्यात कुणाचा किती हिस्सा? वाटणीपत्रात हे लिहिलेलं नसेल, तर वीस वर्षांनी भावाभावांत अबोला धरायला तेवढं पुरतं.

मीटर वेगळं म्हणजे मालकी वेगळी नव्हे

विजेचं मीटर वेगळं केलं, घरपट्टी दोन नावांनी येऊ लागली, म्हणजे वाटणी झाली असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. घरपट्टीची नोंद कर गोळा करण्यासाठी असते, तिने मालकी सिद्ध होत नाही. वाटणीपत्राने हिस्से वेगळे करायचे असतील, तर नोंदणी कायदा, १९०८ प्रमाणे ते नोंदवावं लागतं. महाराष्ट्रात घराच्या वाटणीपत्राला दर ५०० रुपयांमागे १० रुपये, म्हणजे २ टक्के मुद्रांक शुल्क आहे. पण सर्वांत मोठा हिस्सा सोडून उरलेल्यावरच ते मोजतात. समजा घर ८० लाखांचं, खालचा मजला ४५ लाख आणि वरचा ३५ लाख. शुल्क ३५ लाखांवर, म्हणजे ७०,००० रुपये. समान वाटणी हवी असेल तर खालच्याने वरच्याला ५ लाख द्यायचे.

ही झाली सहमालकांची वाटणी. आई-वडिलांचं घर स्वकष्टाचं असेल तर ते हयात असताना मुलांचा त्यात हक्क नसतो. मुलांना द्यायचं तर मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र करावं. त्यातही मजल्याबरोबर जमिनीचा हिस्सा किती, हे लिहायला विसरू नये.

सहमती झालीच नाही तर १८९३ चा वाटणी कायदा आहे. घर नीट विभागता येण्यासारखं नसेल आणि निम्म्या किंवा जास्त हिश्श्याच्या मालकांनी मागणी केली, तर न्यायालय घर विकून पैसे वाटून देण्याचा आदेश देऊ शकतं. म्हणजे दोघांच्या भांडणात घरच जातं.

आणि बहीण?

वरच्या वाक्यात थोरला आला, धाकटा आला. बहीण कुठे आहे? हिंदू वारसा कायद्यात पूर्वी कलम २३ होतं. कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी पुरुष वारसांनी ठरवेपर्यंत मुलीला मागताच येत नसे. २००५ च्या दुरुस्तीने ते कलम गेलं. मृत्युपत्र न करता वडील गेले, तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच. तिने स्वखुशीने हक्कसोडपत्र दिलं तर तिची मर्जी. पण ते मागताना रक्षाबंधनाची आठवण करून देणं मला तरी बरं वाटत नाही.

गुंतवणूक म्हणून

सोसायटीतला डुप्लेक्स घेत असाल तर आधी एक बघा : दोन्ही मजल्यांवर सार्वजनिक जिन्याकडे उघडणारं दार आहे का? नसेल तर पुढे दोन फ्लॅट करणं फार कठीण. असलं तरी सुधारित नकाशाची मंजुरी, सोसायटीची संमती आणि आतल्या जिन्याची पोकळी बुजवताना स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला हे सगळं लागतंच. मंजूर नकाशात एकच सदनिका असेल, तर वरती दुसरा ओटा घातल्याने दोन होत नाहीत.

भाड्याचंही गणित करा. ८० लाखांच्या घराचे दोन्ही मजले १४-१४ हजारांनी दिले, तर वर्षाचे ३ लाख ३६ हजार, म्हणजे ४.२ टक्के. एक महिना घर रिकामं राहिलं आणि घरपट्टी-दुरुस्तीला ४८ हजार गेले, तर हातात २ लाख ६० हजार, म्हणजे सव्वातीन टक्के. ६० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं, तर हप्ता सुमारे ५२ हजार. दोन्ही मजल्यांचं भाडं मिळून तो निम्म्याच्या थोडा वर भागतो. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं महाराष्ट्रात सक्तीचं आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची.

वर्गासाठी उदाहरण : वरच्याच घराला दोन भाऊ आणि एक बहीण असे तीन समान वारस आहेत. मजले भावांनी घेतले, तर बहिणीला कोणी किती द्यायचे? (प्रत्येकाचा वाटा सुमारे २६.६७ लाख; खालचा मजला घेणाऱ्याने १८.३३ लाख आणि वरचा घेणाऱ्याने ८.३३ लाख.)