ग्राफिक्स कार्ड आलं, पण एसएमपीएस पेलणार का?

वारणानगरच्या तात्यासाहेब कोरे अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी असो, कोडोलीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा असो की डिजिटल बोर्डांची डिझाइनं करणारा, जुन्या कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड टाकायचं ठरलं की सगळी चर्चा कार्डाच्या किमतीची होते. घरातली २३० व्होल्टची वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देणारा एसएमपीएस हिशेबात शेवटी येतो, तोही उरलेल्या पैशांत. तीस हजारांच्या आसपासचं कार्ड आठशे रुपयांच्या बिननावाच्या एसएमपीएसवर चालवू नका, हे मी ठामपणे सांगेन. तितक्याच ठामपणे हेही सांगेन, की दुकानदार म्हणतो म्हणून ८५० वॅटचा डबा उचलू नका. आणि आपल्या भागात हा खर्च डब्याच्या किमतीवर थांबत नाही, हे आधीच धरून चला.

पहिलं काम फुकटातलं आहे. कॅबिनेटची बाजू उघडा आणि सध्याच्या एसएमपीएसवरचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरांतल्या ‘४५०’वर जाऊ नका. खाली छोट्या तक्त्यात १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते पाहा. तिथे १६ असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टमधूनच घेतात, त्यामुळे तुमच्या कामाचा खरा आकडा तो. चांगल्या कंपनीच्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर याच जागी ४० ते ४५ अँपिअर दिसतात.

आता गरज मोजू. इंटेलचा आय५-१२४००एफ पूर्ण जोरात ११७ वॅटपर्यंत जातो. आरटीएक्स ५०६० कार्ड १४५ वॅटचं आहे. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ६० धरा. बेरीज ३२२ वॅट. कार्ड क्षणभर आपल्या आकड्याच्या बरंच वर उसळी मारतं, म्हणून वर मोकळीक हवी. एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॅट सुचवते, ते पुरेसं आहे. आरटीएक्स ४०६० (११५ वॅट) किंवा एएमडीच्या आरएक्स ७६०० (१६५ वॅट) साठीही ५५० चालतो. आरटीएक्स ५०७० घेणार असाल तर ते एकटंच २५० वॅटचं, तिथे ६५० किंवा ७५० घ्या. पुढे मोठं कार्ड घेईन म्हणून आजच ८५० वॅटचे पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही.

एक मोठा वर्ग मात्र या हिशेबात वेगळा पडतो. कार्यालयांतून निघालेले डेल, एचपी, लेनोवोचे जुने डेस्कटॉप स्वस्तात मिळतात, म्हणून विद्यार्थी तेच घेतात. त्यांचा एसएमपीएस साध्या मापाचा नसतो. डेल ऑप्टिप्लेक्स ७०२० किंवा ९०२०च्या छोट्या मॉडेलमध्ये २५५ वॅटचा आणि उभ्या टॉवरमध्ये २९० वॅटचा येतो, आणि मदरबोर्डला नेहमीच्या २४ पिनांऐवजी ८ पिनांची जोडणी असते. टॉवरला साधा एसएमपीएस लावायचा तर २४ ते ८ पिनांचा कन्व्हर्टर लागतो. छोट्या कॅबिनेटमध्ये तर साधा डबा मावतच नाही. अशा मशिनवाल्यांनी एसएमपीएस बदलण्याचा नादच सोडावा आणि ७० वॅटचं आरटीएक्स ३०५०, ६ जीबीचं, घ्यावं. मदरबोर्डचा स्लॉट स्वतः ७५ वॅट देतो, त्यामुळे या कार्डाच्या बहुतेक मॉडेलना वेगळी वायर लागत नाही. छोट्या कॅबिनेटसाठी कमी उंचीचं मॉडेल मागा. एसएमपीएसचा खर्च शून्य.

बाकीच्यांसाठी भाव. १८ टक्के जीएसटी धरून, नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा ब्राँझ (ब्राँझ, गोल्ड हे कार्यक्षमतेचे दर्जे) एसएमपीएस साधारण चार ते पाच हजारांत बसतो. ६५० वॅटचा ब्राँझ पाच ते साडेसहा हजार, ७५० वॅटचा गोल्ड आठ ते दहा हजार. आठवड्याला भाव हलतात, तेव्हा निघण्याआधी दोन दुकानांना फोन करा. बसवण्याची मजुरी तीनशे ते पाचशे.

ब्राँझ की गोल्ड? ब्राँझ निम्म्या भारावर साधारण ८५ टक्के कार्यक्षम असतो, गोल्ड ९०च्या आसपास. वर मोजलेल्या कॉम्प्युटरला यामुळे भिंतीतून सुमारे २० वॅट कमी लागतात. रोज चार तास पूर्ण भाराचं काम धरलं तर वर्षाला २९ युनिट, म्हणजे युनिटला दहा रुपये धरले तर २९० रुपये. गोल्डसाठी तीन हजार जास्त मोजलेत, तर ते वीजबिलातून वसूल व्हायला दहा वर्षं लागतील. गोल्ड घ्यायचाच तर लांब वॉरंटीसाठी घ्या. काही मॉडेलवर ती दहा वर्षांची असते. चांगल्या ब्राँझवर पाच वर्षांची मिळते आणि विद्यार्थ्याला ती पुरते.

लेबलवर आणखी एक ओळ पाहा: इनपुट व्होल्टेज. ‘१००–२४०’ लिहिलेला घ्या. रात्री शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की वाडीवस्तीवर दिवे मंद होतात, तेव्हा असा एसएमपीएस तग धरतो आणि वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. ‘२००–२४०’वाला अशा वेळी मशिन बंद पाडू शकतो.

आता डब्याबाहेरचा खर्च. या परिसराने कॉम्प्युटर लवकर पाहिला. १९९८मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पात वारणेभोवतीची ७० गावं जोडायचं काम हाती घेतलं गेलं आणि उसाची माहिती गावातल्या केंद्रावर मिळू लागली. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चने इथेच त्या केंद्रांतल्या कॉम्प्युटरऐवजी मोबाइलचे एसएमएस वापरून पाहिले, कारण गावात कॉम्प्युटर चालता ठेवणं महाग पडत होतं. घरातल्या मशिनचंही तेच आहे.

बहुतेकांकडे ६०० व्हीएचा यूपीएस असतो. त्याची ताकद ३६० वॅटच्या आसपास. आपला ३२२ वॅटचा कॉम्प्युटर ८५ टक्के कार्यक्षमतेने भिंतीतून ३८० घेतो, मॉनिटर वेगळा. म्हणजे रेंडरिंग चालू असताना लाइट गेली की यूपीएसही जाणार. १००० किंवा ११०० व्हीएचा, ६०० वॅटवरचा यूपीएस सहा ते आठ हजारांना पडतो. ज्याचं काम गेलं तर गिऱ्हाईक जाईल, त्याने तो घ्यावाच. फक्त गेम खेळणाऱ्याने थांबायला हरकत नाही. घरातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मात्र हा कॉम्प्युटर लावू नका.

त्याहून महत्त्वाचं अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, आणि ‘जुनं मशिन आहे, होतं असं’ म्हणून लोक सोडून देतात. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर कॅबिनेटला जोडलेले असतात. त्यातून येणारी किंचित वीज अर्थिंगच्या तारेने जमिनीत जायला हवी. तार नुसती सॉकेटपर्यंत आलेली असेल आणि पुढे खड्ड्यात काहीच नसेल, तर ती वीज कॅबिनेटवर येते. एसएमपीएस बदलून हे जाणार नाही. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासा. नवं करायचं तर दोन ते चार हजार. माझ्या हिशेबात हा खर्च कार्डाच्याही आधी येतो, कारण इथे प्रश्न माणसाचा आहे.

म्हणजे ५५० वॅटचा ब्राँझ, मजुरी, यूपीएस आणि अर्थिंग असं सगळंच करावं लागलं तर बारा ते साडेसतरा हजार. यूपीएस आणि अर्थिंग ठीक असेल तर पाच-साडेपाच हजारांत काम होतं. कार्ड निवडतानाच ही रक्कम बाजूला काढा. गरज पडली तर कार्ड एक पायरी खाली घ्या.

खर्च वाचवण्याच्या दोन वाटा धोक्याच्या आहेत. सॅटाच्या वायरीला कन्व्हर्टर लावून कार्डाची ८ पिनांची जोडणी काढून देतात. सॅटाची जोडणी १२ व्होल्टवर ५४ वॅटसाठी बनवलेली, आणि ८ पिनांतून कार्ड १५० वॅटपर्यंत मागू शकतं. प्लॅस्टिक वितळतं, आगही लागू शकते. दुसरी वाट जुन्या मॉड्युलर, म्हणजे सुट्या वायरींच्या, एसएमपीएसच्या वायरी नव्याला लावण्याची. टोक बसतं, पण आतला पिनांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो आणि क्षणात हार्डडिस्क जळते. नव्या डब्यातल्याच वायरी वापरा, आणि एसएमपीएस स्वतः कधी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

खरेदी कोल्हापुरात करा की ऑनलाइन, जीएसटी बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या. दुकानदाराला आधीच विचारा: बिघडला तर तुम्ही परत घेणार की मला पार्सल करावं लागणार, आणि पार्सलचा खर्च कोणाचा? ऑनलाइन शे-दोनशे वाचतात, पण पाच वर्षांच्या वॉरंटीत तासाभराच्या अंतरावर कोल्हापुरातलं दुकान असणं मला जास्त मोलाचं वाटतं. वॉरंटी नाकारली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. बिल आणि खोकं दोन्ही वॉरंटी संपेपर्यंत ठेवा.