घराचा आठवडा आधी कागदावर

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. माझ्या नवऱ्याच्या कंपनीलाही. त्यात शिफ्ट दर आठवड्याला बदलते: फर्स्ट, सेकंड, नाइट. मुलं शाळेत होती तेव्हा बाप-लेकरं एकाच घरात राहूनही एकमेकांना धड भेटत नसत. मुलांना घरी शिकवायचं ठरलं, त्यामागे शाळेवरचा राग कमी आणि हे गणित जास्त होतं.

सुरुवातीला एका संस्थेकडून अभ्यासक्रमाचा संच घेतला. पुस्तकं चांगली होती. सोबतचं वेळापत्रक मात्र वडील नऊला जाऊन सहाला येतात, नळाला रोज पाणी असतं आणि आजी दुपारी टीव्ही लावत नाहीत, अशा घरासाठी बेतलेलं. सकाळी नऊला प्रकट वाचन, आणि नाइट करून आलेला माणूस नेमका तेव्हा पडद्याच्या पलीकडे झोपलेला. धाकटा कविता कुजबुजत म्हणायचा. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९पासून पाणी दिवसाआड, त्यामुळे एक दिवस सोडून एक सकाळ पिंपं भरण्यात जायची. दिवाळीपर्यंत घरात अभ्यासापेक्षा राहिलेल्या अभ्यासाचीच चर्चा जास्त. थोरली एकदा म्हणाली, “आई, शाळेत निदान घंटा झाली की सुटायचो.”

म्हणून नव्याने सुरू करणाऱ्यांना सांगते, पुस्तकं घेण्याआधी घराचा आठवडा कागदावर मांडा. कोण कधी झोपतं, पाणी कधी येतं, आरडाओरडा कधी चालतो, कुठलं मूल कधी ताजंतवानं असतं. आमच्याकडे तीन शिफ्टचे तीन वेगळे आठवडे निघाले, मग वेळापत्रकंही तीन केली. नाइटच्या आठवड्यात सकाळी मुकी कामं: गणित, लेखन, चित्रं. पाढे, वाचन आणि भांडणं संध्याकाळी. फर्स्टच्या आठवड्यात दुपारनंतर मुलं वडिलांच्या ताब्यात. दशांश अपूर्णांक थोरलीला पुस्तकातून उमगत नव्हते. ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजणारा व्हर्निअर कॅलिपर हातात आला, तिने घरातली प्रत्येक वाटी मोजली आणि प्रश्न मिटला. सासूबाई वैतागल्या, तो भाग वेगळा.

आमच्या घरी आता घड्याळ पक्कं नसतं, क्रम पक्का असतो. नाश्ता, मग गणित, मग बाहेर. नाश्ता आठला झाला काय नि दहाला झाला काय. शाळेच्या तासांशी बरोबरी तर करूच नका. त्यात हजेरी असते, रांगा असतात, बाकीच्या पोरांची पाळी येईपर्यंत बसणं असतं. सात वर्षांच्या धाकट्याला एका विषयाला वीस मिनिटं पुरतात, त्यापुढे तो फक्त बसलेला असतो. कुठवर आलोय याचा अंदाज बालभारतीच्या पुस्तकांवरून येतो. ती ई-बालभारतीवर फुकट मिळतात.

पण हाही क्रम तुम्ही जसाच्या तसा उचलू नका. माझ्या एका मैत्रिणीने उचलला, आणि तिचा मुलगा दिवसभर “आता काय? मग काय?” विचारत तिच्या मागे फिरू लागला. त्याला साडेदहा म्हणजे साडेदहाच लागतात. तिने पुन्हा भिंतीवर तक्ता लावला नि दोघं सुटली.

कागदपत्रांत मात्र सैलपणा नको. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात घरी शिकवण्याचा उल्लेख नाही, त्यामुळे पुढे परीक्षेचा रस्ता आपणच आखावा लागतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या, म्हणजे एनआयओएसच्या, दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. नोंदणी पाच वर्षं चालते, सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि सगळे विषय एकाच फटक्यात द्यावे लागत नाहीत. मराठी माध्यमही आहे. शिफ्टच्या घराला हे फार सोयीचं. त्याआधी तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे टप्पेही तिथे आहेत; मूल कधीतरी शाळेत परत जाईल असं वाटत असेल तर ते टाळू नका. अर्जाची मुदत आपल्या नाइट शिफ्टसाठी थांबत नाही, ती कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. आणि जन्मदाखल्यावरचं नि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, हे आजच पाहा. थोरलीच्या आधारवर वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त निघालं आणि दुरुस्तीच्या खेपांत आमचा एक अख्खा फर्स्टचा आठवडा गेला.