पडदा लहान, दुकान तेच

व्यापारी बांधवांनो, आज गिऱ्हाईक माल आधी मोबाइलवर पाहते. भाव वाचण्यासाठी त्याला पान बोटांनी मोठे करावे लागले, तर ते दुसऱ्या दुकानाकडे वळते. यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक पडद्याप्रमाणे मांडणी बदलणारी एकच वेबसाइट. ईथन मार्कोट यांनी २०१० साली या पद्धतीला ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हे नाव दिले.

तिची तीन अंगे ध्यानात घ्यावीत.

१) रकान्यांची रुंदी पिक्सेलऐवजी टक्क्यांत द्यावी.

२) चित्राची कमाल रुंदी १०० टक्के ठेवावी; मग साडीचा फोटो चौकटीबाहेर जात नाही.

३) ‘मीडिया क्वेरी’ म्हणजे सीएसएसमध्ये लिहिलेली अट. उदाहरणार्थ, अरुंद पडद्यावर एका ओळीत एक नमुना, रुंद पडद्यावर चार.

शिवाय पानाच्या आरंभी ‘व्ह्यूपोर्ट’ टॅग हवाच. तो नसेल तर मोबाइल ते पान संगणकाच्या रुंदीचे समजून सारे बारीक करून दाखवतो.

एचटीएमएल व सीएसएस शिकलेल्या आपल्या मुलामुलींना हे हुनर सहज जमेल. काम बाहेर दिले असेल, तर पैसे चुकते करण्यापूर्वी वेबसाइट स्वतःच्या फोनवर उघडावी. भाव नीट वाचता आला, बटण अंगठ्याने दाबता आले, तरच माल पास करावा.