आधी दार, मग वेल्डिंग

बाळा, आजोबांची पद्मिनी पुन्हा उभी करायला घेतलीस, झकास केलंस. पण ग्राइंडर हातात घेण्याआधी चार गोष्टी कानात घालून ठेव. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली प्रीमियर कंपनी; तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी निघायची बंद होऊन आता पंचवीसएक वर्षं झाली. कंपनीचा कोरा पत्रा मिळाला तर नशीब समज. एरवी हाती येतो तो कुणीतरी ठोकून घडवलेला, नाहीतर दुसऱ्या गाडीवरून उतरवलेला. असा पत्रा आपणहून बसत नाही, बसवून घ्यावा लागतो.

पहिलं म्हणजे, या गाडीला वेगळी चॅसिस नाही. सगळा भार बॉडीच पेलते, आणि त्यातला मोठा वाटा दारांखालच्या पोकळ पत्र्याचा आणि फ्लोअरचा. मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि पावसात नेमकं तेच सडतं. म्हणून दोन्ही बाजू एकदम कापू नकोस. एक बाजू पुरी कर, मगच दुसरीला हात लाव. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा आणि तिरका अँगल टाके मारून ठोक आणि चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजून खडूने तिथेच लिहून ठेव. काम झाल्यावर तेच आकडे आले पाहिजेत. आणि गाडी स्टँडवर घ्यायचीच तर स्टँड सस्पेन्शनखाली लाव. नुसत्या बॉडीखाली लावलेस तर गाडी वाकलेली असतानाच तू तिला जोडून टाकशील.

दुसरं, बिजागऱ्या आधी बघ. दार अर्धवट उघडून टोकाला धरून वर उचल. खटखट वाजलं तर पिना झिजल्यात. त्या बदलल्याशिवाय गॅप बघण्यात अर्थ नाही. दार लावशील ते काच, कुलूप आणि रबरासकट लाव. रिकाम्या दारावर जुळवलेली गॅप काच चढली की खाली बसते.

मग जुळवणी मागून पुढे कर. मागचा पत्रा बॉडीलाच वेल्ड असतो, तो हलत नाही. त्याला मागचं दार जुळव, मागच्या दाराला पुढचं, पुढच्या दाराला मडगार्ड आणि सगळ्यात शेवटी बॉनेट. गॅप चार-पाच मिलिमीटरची आणि वरपासून खालपर्यंत सारखी हवी. रंगाचे थर दोन्ही कडांवर चढतात, तेवढी जागा आत्ताच सोड. शिंपी कच्चे टाके घालून कपडा अंगावर चढवून बघतो, तसं सगळे पॅनल क्लॅम्प आणि स्क्रूवर धरून गाडी पुरी उभी करून बघ. चार पावलं मागे जा, बसून बाजूने नजर टाक, दारं उघड-मिट करून पाहा. इथे दोन दिवस गेले तरी चालतील.

कापताना हात आखडता ठेव. नवा पॅनल अख्खा आहे म्हणून जुना अख्खा उडवायचा नाही. चांगला पत्रा जिथून सुरू होतो तिथेच थांब. उतरवलेला सडका पत्राही भंगारात टाकू नकोस. कुठलं भोक कुठे आणि कुठली घडी किती, हे तोच सांगतो.

वेल्डिंगला बसण्याआधी बॅटरी सोड, सीट आणि मॅट काढ, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेव. टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. आतली वाफ पेट्रोलपेक्षा वाईट. झाकले जाणारे दोन्ही पृष्ठभाग घासून त्यावर वेल्डिंग चालणारा झिंक प्रायमर मार. मग टाका इथे एक, तिथे एक, लांब लांब. एका दमात शिवण ओढलीस तर पातळ पत्रा तापून लाटा घेतो आणि मग ठोकत बस. दर चार-सहा टाक्यांनंतर दार लावून बघ.

पुट्टी हा शेवटचा हात आहे, खड्डे भरायचं साधन नाही. दोन-तीन मिलिमीटरच्या वर लागत असेल तर हातोडी आणि डॉली परत उचल. दाराच्या आणि खालच्या पोकळ पत्र्याच्या तळाची पाणी जायची भोकं पुट्टीने किंवा रंगाने बुजलेली नाहीत ना, तार घालून तपास. रंगानंतर पोकळीत मेणाचा फवारा मार. नाहीतर गंज आतून पुन्हा सुरू होतो आणि बाहेर दिसेपर्यंत पत्रा गेलेला असतो.

रंगारी घाई करेल, घरचे विचारतील, तू मात्र चारही दारं हलक्या हाताने लागेपर्यंत रंगाचा डबा उघडू नकोस. रंग खरवडून पुन्हा मारता येतो. वाकडं जोडलेलं पॅनल सरळ करायचं तर पुन्हा कापावंच लागतं.